शहाजोग हुंडी

मराठीत 'शहाजोग' हा शब्द आता बहुधा उपहासानेच वापरला जातो. मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरेच असा जो भोळेपणाचा आव आणतो, त्याला शहाजोग म्हणावयाचे, असा आजचा संकेत आहे. परंतु हा शब्द मूळचा बाजारातला, आणि बाजारात तो निंदेचा नव्हता. ज्या हुंडीचे पैसे वाटेल त्या माणसाच्या हाती न देता केवळ 'शहा'ला, म्हणजे त्या पेठेत ज्याची पत सर्वांना ठाऊक आहे अशा सावकारालाच द्यावयाचे, ती शहाजोग हुंडी. सुरतेपासून काशीपर्यंत आणि उज्जैनीपासून पुण्यापर्यंत जो व्यापार कित्येक शतके चालला, त्याचा मोठा भाग या एका शब्दावर तोललेला होता. शब्दाची पुढे जी घसरगुंडी झाली तिचा इतिहास भाषाशास्त्रज्ञांनी लिहावा. येथे प्रयोजन आहे ते शब्दाच्या मूळ कामाशी.

हे काम किती अवघड होते, हे समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. चांदीचा रुपया वजनाने सुमारे तोळाभर असे. ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण धरला, तर दहा हजार रुपयांचे वजन तीन मण पाच शेर भरते. एवढे ओझे बैलांवर लादून माळव्यातून पुण्यास आणावयाचे म्हणजे विंध्य उतरणे, नर्मदा ओलांडणे, सातपुड्यातील भिल्लांच्या वाटा तुडवणे आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यात पेंढाऱ्यांची भर. बरे, रुपया पोहोचला तरी तो तेथे चालेलच असेही नाही. बडोद्याचा बाबाशाही, हैदराबादचा हाली शिक्का, बेळगावाजवळच्या शहापूरचा शहापुरी, नाशिककडचा चांदवडी, अशी नाण्यांची गर्दी होती आणि एका मुलखातील रुपया दुसऱ्या मुलखात बट्टा दिल्यावाचून चालत नसे. ही सारी यातायात हुंडीचा एक कागद वाचवीत असे. उज्जैनीच्या पेढीवर रुपये भरावयाचे, तिच्याकडून पुण्याच्या पेढीवर चिठ्ठी घ्यावयाची आणि पुण्यात ती पटवून तेथल्या चलनात पैसे मोजून घ्यावयाचे. चांदी जागची हलत नसे; हलत असे ते वहीतले नाव. या सेवेबद्दल जी रक्कम कापली जाई, तिला हुंडणावळ म्हणत. देशोदेशींच्या चलनांच्या भावाला मराठीत परकीय हुंडणावळ म्हणण्याचा जो प्रघात पडला, त्याचे मूळ तेथे आहे.

हुंडीचा मजकूर वाचणाऱ्याला प्रथम काहीसा विचित्र वाटतो. रक्कम आकड्यात लिहिलेली असते, अक्षरात लिहिलेली असते, आणि तेवढ्यावर न थांबता तिची निमपट किती हे सांगून त्याची दुप्पट पुरी द्यावी असेही लिहिलेले असते. हजाराचे दहा हजार करणाऱ्या लबाडाला तीन ठिकाणी खाडाखोड करावी लागावी, एवढाच त्यातला हेतू. कागद वाटेत गहाळ झाला तर दुसरी प्रत मिळे, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. ज्याच्यावर हुंडी लिहिली त्याने ती नाकारलीच, तर त्याच गावातील दुसऱ्या पेढीने ती सांभाळून घ्यावी म्हणून जिकरी चिठ्ठी सोबत देण्याची रीत होती. दर्शनी हुंडी दाखवताच पटवावयाची, मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनी. जोखमी हुंडी तर आणखी पुढे गेलेली. तिचे पैसे माल सुखरूप पोहोचला तरच द्यावयाचे. गलबत बुडाले तर हुंडीही बुडाली. कर्ज आणि विमा या दोन गोष्टी त्या एका चतकोर कागदावर नांदत होत्या.

मात्र यातील खरी युक्ती शहाजोग हुंडीतच सापडते. पुण्याच्या पेढीवर एखादा अनोळखी माणूस उज्जैनीची हुंडी घेऊन आला, तर सराफ त्याला पैसे देत नसे. त्या माणसाने पुण्यातला कोणी नामांकित सावकार गाठावयाचा, आणि त्या सावकाराने आपल्या नावाने हुंडी वसूल करावयाची. पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर पैसे घेणाऱ्या सावकाराने ते परत भरावयाचे. म्हणजे सराफाला परक्या माणसावर विश्वास ठेवावाच लागत नसे. तो आपल्या शेजाऱ्यावर विश्वास ठेवी, शेजारी आपल्या आडत्यावर, आडत्या आपल्या गुमास्त्यावर. उज्जैन आणि पुणे यांच्यामध्ये विश्वासाचा एकच लांब पूल नव्हता; हाताला हात लागेल अशा अंतरावर उभी असलेली माणसांची रांग होती.

या विश्वासाला सद्‌गुण समजून त्याचे फार कौतुक करण्याचे कारण नाही. त्याच्यामागे धाक होता. हुंडी परत फिरली की ती वार्ता कासिदाच्या पायांनी पेठेपेठेतून जाई, आणि मग त्या पेढीचा कागद कोणी हाती धरत नसे. देणी भागवता येत नाहीत असे ठरले, म्हणजे सावकाराने भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवावयाचा, आणि त्यावरूनच दिवाळे हा शब्द आला, असे सांगतात. ज्ञातीची पंचायत असे, लग्नसंबंध असत, देवळातील मान असे. या साऱ्यांवर पाणी सोडावे लागे. शिवाय ही पत रांगेतल्यांसाठी होती, रांगेबाहेरच्यांसाठी नव्हती. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जरोखे जाळले आणि तो वणवा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. ज्या वर्गाच्या अक्षरावर दूरच्या पेठांतील सराफ डोळे मिटून हजारो रुपये मोजून देत, त्याच वर्गाने लिहिलेल्या रोख्यावर गावातल्या शेतकऱ्याचा काडीचाही विश्वास नव्हता. शेतकरी आपल्या अंगठ्याखाली काय लिहिले आहे हे वाचू शकत नव्हता, आणि त्याच्या वतीने रांगेत कोणी उभेही नव्हते.

मुलूख बदलला की विश्वासाचा भाव कसा बदलतो, याचा एक सुंदर पुरावा फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निए याने ठेवला आहे. १६४० ते १६६७ या काळात त्याने हिंदुस्थानात अनेक फेऱ्या केल्या, आणि १६७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात ठिकठिकाणाहून सुरतेवर होणाऱ्या हुंड्यांचे दर नोंदवले. दौलताबादेस शेकडा एक ते दीड, बऱ्हाणपुरास अडीच ते तीन, विजापुरास तीन, आग्र्यास सव्वाचार ते पाच, लाहोरास सव्वासहा, पाटण्यास सात ते आठ आणि डाक्क्यास दहा. नकाशा पुढे ठेवून हे आकडे वाचले तर बहुतेक ठिकाणी अंतराबरोबर दर चढत जातो. परंतु गोव्याचा दर पाहावा. तो शेकडा चार ते पाच, म्हणजे जवळजवळ आग्र्याएवढाच आहे. आणि गोवा तर आग्र्याहून सुरतेला जवळ. याचे कारण कोसांत मोजता येत नाही. १६३६ ते १६४४ आणि पुन्हा १६५६ ते १६६३ या वर्षांत डच आरमाराने गोव्याच्या बंदराची नाकेबंदी केली होती, आणि जमिनीच्या वाटेवर एका राज्यातून दुसऱ्यात जाताना जकातीची नाकी आणि लष्कराच्या छावण्या होत्या. दरातला वरचा शेकडा एक-दीड हा त्या अविश्वासाचा कर असावा, असा तर्क केल्यास तो फारसा चुकणार नाही.

टॅव्हर्निएने बाजारात ऐकून टिपलेली ही गोष्ट आधुनिक अर्थशास्त्रज्ञांनी आकडेशास्त्राने तपासली आहे. गुइसो, सापिएन्झा आणि झिंगालेस या तिघांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात युरोपातील देशांचा एकमेकांवरील विश्वास आणि त्यांचा आपसातील व्यापार यांची तुलना केली. लोकमताच्या पाहण्यांत ज्या देशातील माणसांवर दुसऱ्या देशातील माणसांचा विश्वास कमी दिसला, त्या जोडीत व्यापारही कमी निघाला आणि भांडवलाची गुंतवणूकही कमी निघाली. ज्या मालाची पारख वरवर पाहून होत नाही, त्या मालात हा परिणाम अधिक ठळक होता. आणि अविश्वासाचे एक कारण शोधता शोधता ते जुन्या लढायांपाशी येऊन पोहोचले.

गोव्यातच या रांगेतील एका घराचे दप्तर सुदैवाने टिकून राहिले. पणजीतील म्हामाय कामतांचे घर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी दलालीचा मोठा व्यवहार करीत होते. त्यांच्या कागदांत मोडीतील मराठी आहे, गुजराती आहे, पोर्तुगीज आहे आणि फ्रेंचही आहे. परस्परांची भाषा न समजणारे आणि प्रसंगी एकमेकांशी युद्धात गुंतलेले लोक या एका घराच्या ओसरीवर व्यवहार करीत. माळव्याची अफूही या व्यवहारात होती. पुढे कंपनीचे निर्बंध चुकवण्यासाठी ती मारवाडातील पालीवरून सिंधमार्गे कराचीला आणि तेथून पोर्तुगीजांच्या दमणला जाऊ लागली. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतल्यावर ती वाट बंद झाली. इंदूर, उज्जैन आणि रतलाम येथील कित्येक पेढ्यांची भरभराट याच मालाने झाली. हुंडी चोख होती, अक्षर सच्चे होते, आणि मालाने चीनमधील घरेच्या घरे धुळीस मिळत होती. पत ही मालाची परीक्षा करीत नाही.

मराठेशाहीतील राज्यकर्त्यांना सावकाराचे मोल कळत होते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी रचलेल्या आज्ञापत्रात सावकारांविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. परमुलखातील सावकारांना आणून वसवावे, त्यांना त्रास होऊ देऊ नये, असे त्यात आग्रहाने सांगितले आहे. आणि टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांना खाडीच्या मुखाशी जागा देऊ नये, असा इशाराही लगेच दिला आहे. उत्तरेतील वसुली पुण्यास येत असे तीही बरीचशी हुंड्यांच्याच रूपाने. एवढेच काय, १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या संहाराची वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना कळली ती सावकारांच्या कासिदाजवळील पत्रातून. ते पत्र सावकारी परिभाषेत लिहिलेले होते. गळालेली मोत्ये दोन, हरवलेल्या मोहरा सत्तावीस, आणि रुप्या-तांब्याच्या खुर्द्याची गणतीच नाही, अशा आशयाचा तो हिशेब होता. राज्याचे डाकजासूद पोहोचण्यापूर्वी पेढीचा माणूस पोहोचला, यात नवल वाटू नये. बातमी हेच पेढीचे पहिले भांडवल होते.

या व्यवस्थेला खरा पेच पडला तो बडोद्यात. सप्टेंबर १८०० मध्ये गोविंदराव गायकवाड वारले आणि आनंदराव गादीवर आले. ते प्रकृतीने व मनाने दुर्बळ होते. भाऊबंदकी माजली होती. तिजोरी रिकामी होती आणि शिबंदीचे पगार थकले होते. दरबारच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. अशा वेळी बडोद्यात एक जुनी रीत कामाला येई, तिचे नाव बहांधारी. बाह म्हणजे हात. दरबाराने एखाद्याला अभय दिले किंवा कर्जफेडीचे वचन दिले, की तिसऱ्या कोणा वजनदार माणसाने त्याचा हात धरावयाचा, म्हणजे जामीन राहावयाचे. हे जामीन कधी हरिभक्ती किंवा गोपाळराव मैराळ यांच्यासारखे पेढीवाले असत. परंतु दिवसेंदिवस हा अधिकार अरब जमादारांकडे जात चालला होता. ज्यांच्या हाती शहराच्या वेशी, त्यांचीच हमी खरी! राजाने दिलेले वचन राजाकडून पाळून घेण्याचे सामर्थ्य त्याच्याच पगारी शिपायांत असावे, यापरते दुर्दैव कोणते?

दिवाण रावजी आप्पाजी यांनी यातून सुटण्यासाठी इंग्रजांचे साहाय्य मागितले. १८०२ मध्ये मेजर वॉकर फौज घेऊन आला, तैनाती फौजेचा करार झाला, आणि अरबांना चुकते करून घालवावयाचे ठरले. अरबांनी शहर अडवून धरले, खुद्द महाराजांना नजरकैदेत ठेवले. डिसेंबर १८०२ मध्ये सुमारे दहा दिवसांच्या वेढ्यानंतर ते शरण आले. थकबाकी भागवण्यासाठी लागणारा पैसा काही कंपनीने दिला आणि बाकीचा बडोद्याच्या सावकारांनी. मात्र सावकारांनी तो गायकवाडांच्या शब्दावर दिला नाही. कंपनीची हमी मिळाल्यावर दिला. अरबांनी धरलेले हातही कंपनीने आपल्या हाती घेतले. सावकारांच्या दृष्टीने हा व्यवहार शहाणपणाचाच होता. त्यांना बुडीताची भीती उरली नाही, आणि राज्य त्या वेळेपुरते वाचले.

याची किंमत पुढच्या पिढीला कळली. १८१९ मध्ये दुसरे सयाजीराव गादीवर आले आणि १८२० मध्ये मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांच्याशी बोलणे केले, तेव्हा राज्याचे कर्ज एक कोटी रुपयांच्या वर गेलेले आढळले. कारभार महाराजांनी आपल्या हाती घ्यावा, पण इंग्रजांनी ज्या वचनांना हमी दिली आहे ती मोडू नयेत, अशी अट पडली. महाराजांचा स्वभाव मानी. आपल्याच शहरातील पेढीवाल्याने आपल्याला न विचारता रेसिडेन्सीकडे जावे, हे त्यांना सहन होईना. ते पैसे साठवीत, पण हमीदार सावकारांचे देणे भागवीत ना. अखेर १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी सावकारांच्या देण्यापोटी राज्याचे काही महाल जप्त केले. १८३२ मध्ये लॉर्ड क्लेअर बडोद्यास आले, महाराजांनी सावकारांचा निकाल लावला, आणि महाल परत मिळाले. इंग्रज इतिहासकार या प्रकरणात महाराजांच्या हट्टावर बोट ठेवतात, आणि हट्ट होताही. पण त्याहून महत्त्वाचा फरक निराळाच होता. सावकार आणि दरबार हे पूर्वी एकमेकांची भीड धरीत. दसऱ्याच्या दरबारात समोरासमोर बसत. तडजोड होई, व्याज सुटे, मुदत वाढे. हमी आली आणि ही भीड संपली. धनको ऋणकोकडे न पाहता हमीदाराकडे पाहू लागला, आणि हमीदार हळूहळू मालक झाला. बाजाराच्या रांगेत उभा राहणारा माणूस स्वतः रांगेचा भाग असे. हा नवा जामीनदार तोफखान्यासह रांगेबाहेर उभा होता.

इतर ठिकाणची हकीकत इतकी तीव्र नाही. ग्वाल्हेरीस शिंद्यांचे खजिनदार गोकुळदास पारख यांनी जी संपत्ती मिळवली, तिच्यावर मथुरेच्या शेठांची पेढी उभी राहिली. तिची हुंडी उत्तरेत सर्वत्र चाले, आणि मथुरेतील १८१४ चे द्वारकाधीशाचे मंदिर त्याच गोकुळदासांचे. इंदूरात व्यापाऱ्यांचे तंटे तोडण्यासाठी ग्यारह पंचांची संस्था होती, आणि होळकर दरबार तिचा मान राखीत असे. त्याच इंदूरच्या दुसऱ्या तुकोजीरावांनी खांडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारलाच एक कोटी रुपये १०१ वर्षांच्या मुदतीने शेकडा साडेचार व्याजावर दिले. बडोद्याचे चित्र येथे उलटे झालेले दिसते.

त्या लोहमार्गाने आणि तारायंत्राने मात्र कासिदाचे काम काढून घेतले. १८३५ मध्ये कंपनीचा एकच रुपया सुरू झाल्यावर तिच्या मुलखात बट्ट्याचा धंदा आधीच ओसरला होता. १८८१ मध्ये चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा झाला, तेव्हा त्याच्या पहिल्याच कलमात देशी भाषेतील दस्तऐवजांच्या स्थानिक रूढीला धक्का लागणार नाही, असे नमूद करावे लागले. पक्षकारांनी तसे लिहून ठेवले असेल तर मात्र रूढी बाजूला सारून हुंडीला तो कायदा लागू. १९०८ मध्ये तिसऱ्या सयाजीरावांच्या पुढाकाराने बँक ऑफ बडोदा निघाली, १९२० मध्ये इंदूरची बँक. तथापि बँकांनाही व्यापाऱ्याची हुंडी सहसा एकदम घेता येईना. त्यांना व्यापारी ठाऊक नव्हता. सराफाची सही हुंडीच्या पाठीवर आली, म्हणजे त्या ती घेत.

रिझर्व्ह बँक १९३५ मध्ये स्थापन झाली आणि १९३७ मध्ये तिने सराफांना आपल्याशी जोडून घेण्याची योजना पुढे केली. सराफांनी सावकारीखेरीज इतर व्यापार ठरावीक मुदतीत सोडावा, हिशेब ठरलेल्या नमुन्यात ठेवावेत आणि ते तपासून घ्यावेत, म्हणजे रिझर्व्ह बँक त्यांच्या हुंड्या वटवील, अशा तिच्या अटी होत्या. पैसा स्वस्त मिळणार होता. तरी सराफांनी ती नाकारली. कापूस, धान्य, सोने यांचा व्यापार सोडून केवळ हुंडीवर पोट भरेना, हे एक कारण. आणि वह्या परक्याच्या हाती देण्याची तयारी नव्हती, हे दुसरे. कोणाचे किती येणे, कोणाला किती देणे, कोणाची मुदत भिडेखातर वाढवली, हे सारे त्या लाल बांधणीच्या वह्यांत होते, आणि वर्षातून एकदा लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्या उघडून नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढले, की जुनी वही फडक्यात बांधून माळ्यावर जात असे.